बॅटरीच्या नळीतला लेसर

टॉर्चला मराठीत 'विजेरी' असा एक नेटका शब्द आहे. पण तो बहुतांशी छापील मजकुरातच राहिला. बोलताना आपण 'बॅटरी'च म्हणतो. बॅटरी मारायची, बॅटरीचा झोत टाकायचा, बॅटरीतले सेल बदलायचे. ज्या भागात वीज असते त्याचे नाव जिच्यातून उजेड पडतो त्या सबंध वस्तूला मिळाले. अलंकारशास्त्राच्या भाषेत ही लक्षणा झाली. वस्तूंच्या इतिहासातही अशा लक्षणा घडत असतात : एकाचे कवच दुसऱ्याच्या कामी येते, आणि कवचाबरोबर त्याचा अर्थही नव्या वस्तूला चिकटतो. हा लेख अशाच एका कवचाविषयी आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वी विज्ञानकथेवरचा तास संपल्यावर द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी माझ्याकडे आला आणि त्याने पिशवीतून एक बॅटरी काढली. काळी, अ‍ॅल्युमिनियमची, मुठीत मावणारी. तिच्यातला बल्ब आणि परावर्तक काढून त्याने तेथे जुन्या बाजारात मिळालेल्या डीव्हीडी रायटरमधला लेसर डायोड बसवला होता. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या केलेल्या काडीच्या गुलावर त्याने लाल ठिपका धरला आणि काडी पेटली. साहित्याच्या शिक्षकाला सुचावा तोच प्रश्न मला सुचला. मी विचारले, "पण हे बॅटरीतच का बसवलंस?" तो जरा गोंधळला. मग म्हणाला, "सर, हातात धरायला काहीतरी हवंच ना."

असे करणारा तो एकटा नव्हता. २००५ नंतरच्या चार-पाच वर्षांत अमेरिकेत आणि युरोपात हौशी मंडळींनी खिशातल्या बॅटरीच्या नळीत अक्षरशः हजारो लेसर बसवले. त्याची कृती येथे सांगायची नाही. ती सांगणाऱ्यांची कधीच वाण नव्हती. तांत्रिक कारणेही उघड आहेत : नळीत सेलची जागा तयार असते, बटण असते, आणि डायोडची उष्णता अ‍ॅल्युमिनियम ओढून घेते. पण ही सोय एखाद्या चौकोनी डबीतही झाली असती. डबी कोणाला नको होती. सर्वांना हवी होती मुठीत धरता येणारी, दुसऱ्यावर रोखता येणारी नळी. हा आकार कोठून आला, हा प्रश्न भौतिकशास्त्राचा नाही; तो कल्पनेच्या इतिहासाचा आहे.

१

दृष्टीतून आग निघते ही कल्पना फार जुनी. शंकराच्या तिसऱ्या डोळ्याने मदन जळाला, ही कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. केवळ पुराणकारच असे मानीत होते असेही नाही. डोळ्यातून किरण निघून विषयापर्यंत जातो, असे न्यायदर्शनाने मानले. ग्रीकांमध्ये युक्लिडची दृष्टिमीमांसाही याच गृहीतावर उभी होती. अकराव्या शतकाच्या आरंभी इब्न अल-हैथमने ही दिशा उलटवली : डोळा किरण सोडत नाही, घेतो. विज्ञानाने हे स्वीकारले. वाङ्मयाने मात्र जुनी दिशा सोडली नाही. डोळा हे शस्त्र आहे की जखमेची जागा आहे, हा प्रश्न या इतिहासात पुढे पुन्हा येणार आहे.

डोळ्यानंतर आरसा आला. आर्किमिडीजने सिराक्यूजच्या तटावरून आरशांनी रोमन जहाजे जाळली, ही आख्यायिका सर्वांना परिचित आहे. वेढ्याचे वर्णन करणाऱ्या पॉलिबियस, लिव्ही, प्लुटार्क यांपैकी एकाच्याही ग्रंथात हे आरसे नाहीत. आग लावल्याचा उल्लेख दुसऱ्या शतकातला, आणि आरशांची चर्चा सहाव्या शतकातल्या अँथेमियसची. म्हणजे घटनेनंतर सात-आठशे वर्षांनी आरसा कथेत शिरला, आणि नंतर तो इतका घट्ट बसला की त्याच्यावाचून कथा सांगताच येईना.

एच. जी. वेल्सची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' १८९७ मध्ये मासिकातून आणि १८९८ मध्ये पुस्तकरूपाने आली. तीतला मंगळवासीयांचा उष्णकिरण हा आधुनिक वाङ्मयातल्या सर्व किरण-शस्त्रांचा पूर्वज म्हणायला हवा. वेल्सचे शास्त्रशिक्षण येथे दिसते. त्याचा किरण दिसत नाही. तो केवळ उष्णता आहे, आणि दीपगृहाच्या दिव्यासारखा अन्वस्ताकार आरसा त्याला समांतर झोत बनवतो. पुढे १९२६-२७ मध्ये अलेक्सेई तोल्स्तोय यांच्या रशियन कादंबरीतल्या अभियंता गारिनने हाच झोत दोरीइतका बारीक केला. त्याच्या यंत्राचे नाव 'हायपरबोलॉइड'. भूमितीच्या हिशेबाने ते 'पॅराबोलॉइड' हवे होते. पण कादंबरीच्या शीर्षकाला नादाचा हिशेब जास्त महत्त्वाचा असतो. दरम्यान १९२४ मध्ये हॅरी ग्रिंडेल मॅथ्यूज नावाच्या इंग्रज संशोधकाने आपल्याजवळ खराखुरा 'मृत्युकिरण' असल्याचा दावा केला होता. त्यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरले. सरकारी अधिकाऱ्यांची मात्र खात्री पटली नाही.

सारांश, लेसर जन्मण्याआधी किमान साठ वर्षे त्याचे वर्णन तयार होते. नव्हते ते फक्त यंत्र.

आणि नळीही जवळपास त्याच वेळी तयार झाली. वेल्सच्या पुस्तकानंतर वर्षभरातच, जानेवारी १८९९ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मिसेल यांच्या नावे कोरड्या सेलवर चालणाऱ्या, नळीच्या आकाराच्या हातदिव्याचे पेटंट नोंदले गेले. त्या वेळचे सेल इतके अशक्त की दिवा सलग लावता येत नसे; बटण दाबून क्षणभर उजेड पाडायचा आणि सोडायचे. इंग्रजीतले 'फ्लॅशलाइट' हे नाव त्या क्षणिक उजेडावरून पडले. बोट दाबले की दूरवर काहीतरी घडते, ही सवय माणसाच्या हाताला बंदुकीने लावली होती. बॅटरीने ती निरुपद्रवी करून घरोघरी पोचवली.

२

लेसरचा शास्त्रीय इतिहास पुष्कळदा सांगितला गेला आहे. प्रकाशाच्या स्पर्शाने अणूकडून तसाच प्रकाश बाहेर काढता येईल, हे आइन्स्टाइनने १९१६-१७ मध्ये मांडले. चार्ल्स टाउन्स यांनी १९५४ मध्ये सूक्ष्मतरंगांवर तसे यंत्र करून दाखवले. त्याचे नाव 'मेसर'. हेच दृश्य प्रकाशात कसे करता येईल, याचा निबंध टाउन्स आणि त्यांचे मेहुणे आर्थर शॉलो यांनी डिसेंबर १९५८ मध्ये प्रसिद्ध केला.

साहित्याच्या वाचकाला यात रस वाटावा तो शब्दाच्या जन्माविषयी. टाउन्स ज्या कोलंबिया विद्यापीठात होते तेथलाच गॉर्डन गूल्ड हा संशोधक विद्यार्थी. नोव्हेंबर १९५७ मध्ये त्याने आपली कल्पना एका वहीत उतरवली, शीर्षकातच 'लेसर' हे आद्याक्षरांचे नाव लिहिले, आणि ती वही ब्राँक्समधल्या एका गोळ्या-चॉकलेटच्या दुकानात नेऊन तेथल्या नोटरीकडून साक्षांकित करून घेतली. पेटंटचा अर्ज मात्र त्याने वेळेवर केला नाही. पुढे त्याच्या कल्पनेवर सरकारी संरक्षण खात्याने पैसा दिला, काम गोपनीय ठरले, आणि तरुणपणीच्या डाव्या संबंधांमुळे गूल्डलाच त्या कामापासून दूर ठेवण्यात आले. त्याला पहिले महत्त्वाचे लेसर-पेटंट मिळाले ते १९७७ मध्ये, आणि सारा झगडा संपेपर्यंत तीस वर्षे गेली. टाउन्स 'ऑप्टिकल मेसर' असे म्हणत राहिले. नोबेल टाउन्सना मिळाले, १९६४ मध्ये, बासोव आणि प्रोखोरोव यांच्यासह. शब्द टिकला तो गूल्डचा. (काटेकोर बोलायचे तर हे यंत्र प्रकाश केवळ वाढवत नाही, त्याचे आंदोलन घडवते; त्यामुळे आद्याक्षरे नीट जुळवली तर 'लेसर'ऐवजी 'लूझर' होईल, असा विनोद तेव्हा केला जाई. गूल्डच्या बाबतीत तो फार काळ खराही ठरला.)

यंत्र प्रथम चालवले ते या दोघांपैकी कोणीही नव्हे. १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात मॅलिबू येथील ह्यूजेस प्रयोगशाळेत थिओडोर मेमन यांनी कृत्रिम माणकाची बोटाच्या पेराएवढी कांडी घेतली, तिच्याभोवती छायाचित्रणासाठी बनवलेला वेटोळ्यांचा झेनॉन दिवा ठेवला आणि दिव्याचा लखलखाट केला. माणकातून पहिला लेसर-स्पंद निघाला. एका प्रतिष्ठित अमेरिकी नियतकालिकाने त्यांचा निबंध परत पाठवला. 'नेचर'ने तो ६ ऑगस्टला छापला, जेमतेम एका रकान्याचा.

येथे एक घटना घडली, तिच्यासाठी मी हा सारा तपशील सांगत आहे. ७ जुलै १९६० रोजी पत्रकार परिषदेत लेसर जाहीर व्हायचा होता. प्रसिद्धीसाठी छायाचित्र घ्यायला आलेल्या माणसाला ते यंत्र पाहून निराशा वाटली. ते फार लहान होते. सहज मुठीत मावले असते. एवढासा तुकडा शतकाचा शोध म्हणून कोण मान्य करील? म्हणून मेमन यांच्याजवळचा दुसरा, मोठा दिवा आणि मोठी कांडी पुढे ठेवून छायाचित्र काढले गेले. जगभर तेच छापले. इतकेच नव्हे, तर अन्य प्रयोगशाळांतल्या संशोधकांनी ते छायाचित्र पाहूनच तसे मोठे दिवे मागवले आणि आपापले लेसर चालवले. म्हणजे पहिल्या लेसरच्या पहिल्या प्रतिकृती मूळ यंत्राच्या नव्हत्या, चित्राच्या होत्या. परिषदेत एका वार्ताहराने हे शस्त्र होईल काय, असे मेमन यांना छेडले. ते टाळाटाळ करत राहिले, आणि दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत लॉस एंजेलिसच्या माणसाने विज्ञानकथेतला मृत्युकिरण शोधल्याची बातमी झळकली. वेल्सच्या वाचकांना हवा तो शोध लागला होता. खरा लेसर हातात मावणारा होता आणि कोणालाही मारू शकत नव्हता. छापलेला लेसर मोठा होता आणि मारणारा होता.

३

या मथळ्यांना उत्तर दिले ते शॉलो यांनी, आणि तेही एका खेळण्याने. स्टॅनफर्डला प्राध्यापक झाल्यावर त्यांनी आपल्या प्रयोगशाळेच्या दारावर किरण-शस्त्राचे एक अतिरंजित चित्र लावले आणि खाली लिहिले की विश्वासार्ह लेसर पाहायचे असतील तर आत यावे. व्याख्यानाला जाताना ते एक मुलांची खोटी किरण-बंदूक बरोबर नेत. तिच्या कवचात माणकाचा छोटा लेसर बसवलेला असे. समोर एक पारदर्शक फुगा, त्याच्या आत दुसरा, गडद रंगाचा फुगा. शॉलो नेम धरून चाप ओढत. आतला फुगा फुटे. बाहेरचा तसाच राही.

बॅटरीच्या नळीतल्या लेसरचा खरा पूर्वज मला या बंदुकीत दिसतो. दोहोंत कवच खेळण्याचे आणि किरण खरा. पण शॉलो यांचा हेतू उलट होता. त्यांनी मृत्युकिरणाचे कवच घेतले ते मृत्युकिरणाची थट्टा करायला. आणि थट्टेच्या आड त्यांनी एक गंभीर गोष्ट दाखवली. पारदर्शक पडद्याला धक्का न लावता किरण आतल्या गडद पडद्यावर काम करतो. पारदर्शक बाहेर आणि गडद आत अशी रचना निसर्गात कोठे असते? डोळ्यात. स्वच्छमंडल आणि भिंग पारदर्शक, मागे दृष्टिपटल गडद. डिसेंबर १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात चार्ल्स कॅम्बेल यांनी माणकाच्या लेसरने एका रुग्णाच्या दृष्टिपटलावरची गाठ जाळली. मेमन यांच्या प्रयोगाला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. मानवी शरीराशी लेसरचा पहिला अर्थपूर्ण संबंध आला तो डोळ्याच्या आत, आणि उपकारक म्हणून.

वेल्सच्या अदृश्य उष्णकिरणाला यंत्ररूप मिळाले त्यात आपल्याकडचाही एक धागा आहे. सी. कुमार पटेल यांचा जन्म १९३८ मध्ये बारामतीचा. १९५८ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले आणि तेथून बेल प्रयोगशाळेत. १९६४ च्या सुमारास त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. त्याचा किरण अवरक्त, डोळ्याला न दिसणारा, आणि पुढे पोलाद कापण्याइतका समर्थ झाला. ज्याला वेल्सने मंगळावरून आणले, तो किरण बारामतीत जन्मलेल्या माणसाने उच्छ्वासातल्या वायूतून काढला. त्याने जे कापले ते शहरे नव्हती, पत्रे होते. आणि शल्यविशारदांच्या हाती तो पातेही झाला.

घरी लेसर करण्याची परंपराही याच काळातली. 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात हौशी शास्त्रज्ञांसाठी सदर चाले. सप्टेंबर १९६४ मध्ये त्यात घरी हीलियम-निऑन लेसर कसा करावा हे आले. १९७१ मध्ये एका शाळकरी मुलाने केलेला कार्बन डायऑक्साइड लेसर आला. १९७४ मध्ये नायट्रोजनचा. हे लेसर करणाऱ्याला काच तापवून वाकवावी लागे, निर्वात पंप जुळवावा लागे, आरसे महिनोन्‌महिने सरळ करावे लागत. यंत्र चालेपर्यंत त्याच्या धोक्याची ओळख आपोआप होत असे. श्रम हाच तेथे गुरू होता. आणि हे लेसर टेबलावरून हलत नसत. ते कोणावर रोखता येत नसत.

४

हातात येण्यासाठी दोन गोष्टी घडाव्या लागल्या. पहिली पडद्यावर घडली. इयन फ्लेमिंगच्या 'गोल्डफिंगर' कादंबरीत (१९५९) नायकाच्या दिशेने सरकते ते फिरते करवतीचे पाते आहे. १९६४ च्या चित्रपटात तेथे लेसर आला. मधल्या पाच वर्षांत करवत जुनी झाली होती. मग १९७७ चा 'स्टार वॉर्स'. त्यातल्या प्रकाश-खड्गाची मूठ हवी म्हणून कलासजावट पाहणारे रॉजर ख्रिश्चन लंडनमधल्या एका छायाचित्रणाच्या जुन्या दुकानात शिरले आणि तेथे त्यांना १९४० च्या दशकातल्या वृत्तछायाचित्रकारांच्या फ्लॅशगनचे धातूचे दांडे मिळाले. आत सेल घालायची पोकळ, चकचकीत नळी. तीच मूठ झाली. मेमन यांच्या लेसरला जीव दिला छायाचित्रणाच्या दिव्याने. पडद्यावरच्या तलवारीला मूठ दिली छायाचित्रणाच्याच दिव्याच्या दांड्याने. हा योगायोगच, पण यानंतर जगभरच्या मुलांच्या मनात प्रकाशाचे शस्त्र म्हणजे सेलची नळी, हे समीकरण पक्के झाले. माझ्या विद्यार्थ्याला 'हातात धरायला' जे हवे होते, ते येथून आले होते.

दुसरी गोष्ट प्रयोगशाळेत घडली. १९६२ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट हॉल आणि निक होलोन्याक यांनी अर्धवाहकाच्या कणातून लेसर काढला, तोही अतिथंड ठेवूनच. १९७० मध्ये लेनिनग्राडमध्ये अल्फेरोव यांच्या गटाने आणि बेल प्रयोगशाळेत हायाशी व पॅनिश यांनी तो सामान्य तापमानाला सलग चालवला. १९८२ मध्ये सीडी आली, आणि लेसर मोहरीएवढ्या रूपात दिवाणखान्यात जाऊन बसला. कोणाला तो दिसलाही नाही.

सीडी-डीव्हीडीच्या यंत्रातल्या लेसरचे दोन प्रकार असतात, आणि साहित्याच्या वर्गात हे सांगताना मला नेहमी मौज वाटते : वाचणारा आणि लिहिणारा. वाचणारा काही मिलीवॉटचा, सौम्य. त्याला तबकडीवरच्या खुणा केवळ पाहायच्या असतात. लिहिणाऱ्याला तबकडीचा रंगथर बदलायचा असतो; त्याची शक्ती शंभर मिलीवॉट ओलांडते. 'सीडी बर्न करणे' हा शब्दप्रयोग आपण सहज वापरला. तो रूपक नव्हता, वर्णन होते. २००५ च्या सुमारास असे लिहिणारे यंत्र इतके स्वस्त झाले की बिघडले तर लोक ते भंगारात टाकू लागले. बॅटरीच्या नळीत गेला तो हा लिहिणारा, जाळणारा लेसर. महिनोन्‌महिन्यांच्या श्रमाची जागा एका संध्याकाळने घेतली. श्रमाबरोबर त्याने शिकवलेली भीतीही गेली. २०१० मध्ये हाँगकाँगच्या एका कंपनीने प्रोजेक्टरमधल्या निळ्या डायोडचा सुमारे एक वॉटचा हातलेसर विकायला काढला, तेव्हा तो प्रकाश-खड्गासारखा दिसतो म्हणून चित्रपटकंपनीने कायदेशीर पत्र धाडले. आक्षेप साम्यावर होता. डोळ्यांविषयीचा प्रश्न नियामकांकडे राहिला.

५

डोळ्यांविषयीचा प्रश्न असा आहे. दृश्य प्रकाशाचा समांतर झोत बाहुलीत शिरला की भिंग त्याला दृष्टिपटलावर एका बिंदूत गोळा करते. तेथे त्याची तीव्रता सुमारे एक लाख पटीने वाढते. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो. एक मिलीवॉटच्या ठिपक्यापासून तेवढ्या वेळात सहसा इजा होत नाही. अमेरिकेत हातात धरायच्या लेसरला पाच मिलीवॉटची मर्यादा घातली आहे ती याच हिशेबाने. शंभर मिलीवॉटच्या पुढे पापणी उशिरा पोचते. आणि दृष्टिपटलाला वेदना नसते. जळताना कळत नाही.

जगाला मृत्युकिरणाची भीती शंभर वर्षे वाटली. पण लेसर-शस्त्रांवर पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला तो जाळण्याविरुद्ध नव्हता. ऑक्टोबर १९९५ मध्ये व्हिएन्नात संमत झालेल्या आणि १९९८ पासून लागू असलेल्या करारनाम्याने मनाई केली ती माणसाला कायमचे आंधळे करण्यासाठी घडवलेल्या लेसरला. अंमल सर्रास सुरू होण्यापूर्वीच एखादे शस्त्र निषिद्ध ठरले, अशी उदाहरणे थोडी आहेत. राजनैतिक अधिकाऱ्यांना जे उमगले ते आमच्या वाङ्मयाला उमगले नव्हते. वेल्सपासून चित्रपटांपर्यंत किरण नेहमी दुसऱ्याच्या दिशेने जातो, भव्य काहीतरी जाळतो आणि प्रेक्षक पाहत राहतो. पाहणारा सुरक्षित आहे, हे त्या सगळ्या कथांचे न सांगितलेले गृहीत. खऱ्या लेसरसमोर पाहणे हेच संकट असते.

माझा तो विद्यार्थी तीन आठवड्यांनी पुन्हा भेटला. घरी काडी पेटवताना किरण कपाटाच्या चकचकीत मुठीवरून परतला होता. दुखले काहीच नाही. दुसऱ्या दिवशी वाचायला बसला तेव्हा कळले. "सर, ज्या अक्षराकडे बघतो तेच गळतं," तो म्हणाला. डॉक्टरांनी काही अंशी भरून येईल असे सांगितले होते. तसे ते काही अंशी आले. परीक्षेला तो पुस्तक जरा तिरपे धरून वाचायला शिकला.

त्या दिवशी टेबलावर काडी पेटली तेव्हा मी त्याला आकाराविषयी विचारले, डोळ्यांविषयी नाही. मी विज्ञानकथा शिकवत होतो आणि माझ्याही मनात किरणाची दिशा बाहेरच होती. त्यानंतर वर्गात वेल्स शिकवताना मी शॉलो यांचे दोन फुगे फळ्यावर काढतो, एकात एक. आणि आतल्या फुग्याला नाव देतो.